देवाला सांगतो, पण त्याचं ऐकतो कधी?



आमच्या बचत गटाकडून एरवी रेडिओवर भाषण होतं ते शेळ्यांवर, नाहीतर उन्हाळी पापडांवर, नाहीतर बँकेच्या कर्जावर. यावेळी केंद्रातल्या ताई म्हणाल्या, तुम्ही बैठकीच्या आधी गप्प बसता म्हणे, त्यावर बोला. आम्हाला हसूच आलं. गप्प बसण्यावर काय बोलायचं? पण मग दोन दिवस आमच्यात बोलणं झालं आणि वाटलं, सांगावं. जे घडलं ते चांगलं-वाईट सगळं सांगावं. आम्ही दहा जणी आहोत. बोलतेय एक, पण हे दहाजणींचं समजून ऐका. नावं घेणार नाही, गावात ओळखतातच सगळे.

आमचं गाव फलटण तालुक्यात, पालखीच्या रस्त्यापासून थोडं आत. गाव लहान असलं तरी शांतता म्हणाल तर नाही. पहाटे देवळावरचा भोंगा सुरू होतो. त्यामागं दुधाच्या गाडीचा हॉर्न. मग नळाला पाणी आलं की हंड्यांचा आवाज, आणि आमचाही. पोरांचे डबे, मालकांचा चहा, सासूबाईंच्या गोळ्या, गोठा, मग खुरपणीला जायची घाई. संध्याकाळी टीव्ही. टीव्ही बंद झाला की हातात मोबाईल.

त्यात देवाचं नाव नाही असं नाही. उठल्यावर हात जोडतो, तुळशीला पाणी घालतो, एकादशी धरतो, हरिपाठाला जातो. आमच्यातल्या एक जाऊबाई ख्रिस्ती आहेत, त्या रविवारी उपासनेला जातात. एका भाभींचा पहाटेचा नमाज चुकत नाही. म्हणजे देवाशी बोलणं चालूच आहे. पाऊस पाड, पोराला नोकरी लाव, मालकांची दारू सोडव, गुडघा बरा कर. दोन वर्षांमागं एका बैठकीत आमच्या थोरल्या काकू सहज बोलून गेल्या, "अगं, आपण त्याला सांगतो एवढं. त्याचं ऐकतो कधी?"

काकूंचं वय बहात्तर. त्यांनी हा प्रश्न कुठून आणला तर जात्यावरून. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत त्या रोज पहाटे दळत होत्या. काकू म्हणतात, दळण म्हणजे कष्टच होते, खांदे भरून यायचे, त्याचं गोड कौतुक मला सांगू नका. पण घर झोपलेलं असायचं. समोर जातं आणि आपण. कुणी हाक मारत नव्हतं, कारण दळणाऱ्या बाईला उठवलं तर भाकरी मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सुरुवातीला देवाची ओवी, मग भावाची, मग आईची, आणि मग हळूहळू जे कुणापाशी बोलता येत नाही ते. काकू म्हणतात, ओवी थांबायची आणि नुसती घरघर राहायची, त्या वेळी कधीकधी मनात एखादी गोष्ट अशी लख्ख यायची की दिवसभर पुरायची.

हे एकट्या काकूंचं नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एवढ्या ओव्या आल्या कुठून? त्या बायकांना शाळा नव्हती, वही नव्हती. पहाटेचा तेवढा एक तास मात्र त्यांचा होता. जनाबाईचंच बघा. गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरी दासी. पंढरपूरला गेलात तर गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. विठ्ठल तिच्यासंगं दळू लागला असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो तिला देवळात भेटला असं कुणी सांगत नाही, जात्यापाशी भेटला असंच सांगतात.

आता गिरणी आली, फार बरं झालं. आम्हाला जातं परत नको. पण गिरणीनं कष्ट नेले त्यासोबत तो तासही गेला, आणि त्याच्या बदल्यात काही आलं नाही. वाचलेल्या वेळात घरानं दुसरं काम काढून दिलं.

इथं आमच्यात थोडा वादही झाला. एकजण म्हणाली, तुकाराम महाराजांना देव कळला तो भंडाऱ्याच्या डोंगरावर, भामचंद्राच्या डोंगरावर एकांतात बसले तेव्हा. आपल्याला कुठला डोंगर? तर दुसरी म्हणाली, डोंगरावर भाकरी घेऊन कोण चढत होतं? आवली! कीर्तनात आपण हसत ऐकतो, की ती चिडायची, विठ्ठलाला काळ्या म्हणून शिव्या घालायची, तिच्या पायात काटा मोडला तो देवानं काढला. महाराजांचा मोठेपणा आम्ही कमी करत नाही. पण घरात पोरं, दाण्याची पंचाईत, दुष्काळाचे दिवस, आणि दुपारी भाकरी घेऊन डोंगर चढायचा. तिला एकांत कुणी दिला? त्या दिवशी आम्ही ठरवलं की डोंगराची वाट बघायची नाही. दहा मिनिटं काढायची, जिथं असू तिथं.

म्हणायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात दहातल्या सात जणींना जमलं नाही. घरात बाई नुसती बसलेली दिसली की पहिला प्रश्न येतो, काय दुखतंय का? दुसरा प्रश्न, काही काम नाही का? एकीच्या सासूबाईंना वाटलं सून रुसली. एकीचा मुलगा येऊन कपाळाला हात लावून गेला. मग ज्याची त्याची युक्ती निघाली. एकीला धार काढताना जमलं. ती म्हणते, गोठ्यात आरडाओरडा केला, घाईघाईनं कासेला हात घातला तर गाय पान्हा चोरते. मग मलाच शांत व्हावं लागतं, तेवढ्यात माझंही बसणं होतं. एक जण बंब पेटवून पाणी तापेपर्यंत त्याच्यासमोर बसते. फलटणला कपड्याच्या दुकानात कामाला जाणारी आमची एक ताई एसटीत खिडकीपाशी बसून मोबाईल पिशवीत टाकते, तो उतरेपर्यंत काढत नाही. भाभी नमाजानंतर लगेच उठत नाहीत. आणि एकीला घरात दोन खोल्यांत सात माणसं, तिला जागाच नाही, तर ती न्हाणीघरात कडी लावून बसते. हसू नका. बाहेरून कुणी हाक मारली तर बादलीत तांब्या बुडवून आवाज करते.

जाऊबाईंनी एक सवय आम्हाला दिली. त्या पहाटे बायबलचा एक भाग वाचतात, मग डोळे मिटून बसतात आणि मनात काही ठळक आलं तर पोराच्या जुन्या वहीत एका ओळीत लिहून ठेवतात. काकूंना लिहिता येत नाही, त्या पदराला गाठ मारतात. लिहिण्याचा उपयोग असा, की मनात शंभर गोष्टी येतात, त्यातली कुठली रोज परत येते ते आठवड्यानं वही चाळली की कळतं.

आता बसल्यावर काय होतं ते खरं सांगतो. पहिले कितीतरी दिवस काही होत नाही. डोळे मिटले की डाळ संपली हे आठवतं. हप्त्याची तारीख आठवते. नणंद काय बोलली ते आठवतं आणि तिला काय उत्तर द्यायला हवं होतं ते सुचतं, फार छान छान सुचतं. आम्हाला वाटायचं, आपल्याला हे जमत नाही. काकू म्हणाल्या, विहिरीत पोहरा टाकला की आधी पाणी गढूळच होतं, तू दोर हलवत राहू नकोस. काही दिवसांनी खरंच तो गलका थोडा खाली बसतो. आणि मग जे वर येतं ते बहुतेक वेळा आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतंच. आपण टाळलेली गोष्ट वर येते.

गटात घडलेली गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल. आमच्या शिलाईवाल्या वहिनींनी गटातून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं होतं, मशीनसाठी. महिन्याला हजार आणि वर व्याज. एका वर्षी पालखीच्या आठवड्यातला हप्ता वहीत दिसेना. वहिनी म्हणाल्या, मी दारात येऊन दिला, तुम्ही वारकऱ्यांच्या भाकरी करत होतात, हात पिठाचे होते. सचिवबाई म्हणाल्या, मला आठवत नाही, आणि वहीत नाही म्हणजे दिला नाही. आम्ही बाकीच्या सचिवबाईंच्या बाजूनं. गटाची पंचसूत्री आम्हाला पाठ आहे, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी. नोंद नाही तर पैसा नाही. इथवर आमचं चुकलं असं आम्हाला आजही वाटत नाही. पण आम्ही तिथं थांबलो नाही. नळावर बोललो, गिरणीत बोललो. कुणी म्हणालं, मशीन आणून ठेवा गटात. वहिनी बैठकीला यायच्या बंद झाल्या. पोराला आमच्या पोरांत खेळायला पाठवीनाशा झाल्या.

पुढच्या बैठकीत मशीन आणायचं की नाही हे ठरवायचं होतं. काकू म्हणाल्या, ठरवायच्या आधी दहा मिनिटं बसू, पैसे दिले होते की नाही ते देवाला विचारू. बसलो. आम्हा सगळ्यांना आशा होती की कुणाला तरी आठवेल. मैत्रिणींनो, कुणाला काही आठवलं नाही. ते हजार रुपये कुठं गेले ते आजपर्यंत कळलेलं नाही. पण डोळे उघडल्यावर एकजण म्हणाली, मला सारखं एकच दिसत होतं, नळावर तिच्या पोरासमोर मी तिला चोर म्हणाले ते. दुसरी म्हणाली, मी तर तिच्या माहेरच्या गावात फोन करून सांगितलं. मग सचिवबाई बऱ्याच वेळानं बोलल्या. त्या म्हणाल्या, त्या आठवड्यात मी तिघीचौघींचे पैसे दारातच घेतले होते आणि रात्री आठवून आठवून लिहिले होते. तिनं दिले होते असं मी म्हणत नाही. पण दिले नव्हते असंही मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्या शेवटच्या वाक्यावर खोलीत कुणी हललं नाही.

संध्याकाळी आम्ही पाच जणी वहिनींच्या घरी गेलो. जायला फार जड गेलं. पैशाचं पुढं बघू, पण बोललो ते चुकलं, एवढंच सांगायचं ठरलं होतं. वहिनींनी आधी आत घेतलंच नाही. मग घेतलं, चहा मात्र केला नाही. त्यांचा राग एका दिवसात गेला असं सांगितलं तर ते खोटं होईल, तो चार महिने होता. हजार रुपयांचं असं झालं की दहाजणींनी शंभर-शंभर घातले. आम्ही नऊ जणी एकशे अकराचा हिशोब करत बसलो होतो, तर वहिनींनी स्वतःचे शंभर आणून ठेवले. म्हणाल्या, मी गटातच आहे ना? आणि तेव्हापासून दारात पैसे घेणं बंद. बैठकीत, सगळ्यांसमोर, पासबुकात आणि वहीत एकाच वेळी लिहायचं. कितीही भाकरी करायच्या असोत.

आमच्यातल्या एकीला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, हे भावनेचं झालं, गट असा चालत नाही, उद्या कुणीही म्हणेल दारात दिले होते. तिचं म्हणणं अगदीच चूक नाही.

आता एक अवघड गोष्ट. मनात आलेलं सगळं देवाचंच असतं का? नसतं. आमच्यातल्या एकीची मुलगी बारावीला होती, वय सतरा. पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचं स्थळ आलं. देणंघेणं काही नको, फक्त मे महिन्यात लग्न उरका म्हणाले. ही आई आठ दिवस पहाटे बसली आणि बैठकीत येऊन म्हणाली, "मला कौल मिळाला. स्थळ होकारायचं असं मनात आलं आणि इतकं शांत वाटलं की काय सांगू. देवाचीच इच्छा आहे."

आता देवाची इच्छा म्हटल्यावर बोलायचं काय? आम्ही गप्प. काकूंनी मात्र विचारलं, "शांत कशानं वाटलं गं? पोरीचं भलं होतंय म्हणून, का तुझा घोर मिटतोय म्हणून?"

ती उठून गेली. तिसऱ्या दिवशी परत आली ती वही घेऊन. वहीत दोनच शब्द होते, "तिला विचार." इतक्या दिवसांत भावकीला विचारलं, भटजींना विचारलं, देवाला विचारलं, आणि पोरीलाच विचारलं नव्हतं. विचारलं तर पोर म्हणाली, मला नर्सिंगचा फॉर्म भरायचाय, पण तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. स्थळ गेलं. भावकीत बोलणी खाल्ली. आई म्हणते, आता मला शांत वाटत नाही, फीची काळजी वाटते, पण बरोबर वाटतं. कायद्याचंही सांगायला हवं. मुलीला अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणं 2006 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कुठं असं होत असेल तर 1098 वर फोन करता येतो. तेवढ्यापुरतं देवाला विचारायचीही गरज नव्हती.

त्यानंतर आम्ही एक कसोटी धरली. मनात आलेली गोष्ट करायची तर तिची झळ कुणाला बसणार? मला बसणार असेल, मलाच नमतं घ्यायचं असेल, मलाच जाऊन बोलायचं असेल, तर ती गोष्ट ऐकण्यासारखी असू शकते. देव मला सांगतोय की दुसरीनं काय करावं, असं असेल तर जरा थांबायचं. गटातल्या एका शिक्षिका सुनेनं आम्हाला गांधीजींचं सांगितलं. 8 मे 1933 ला त्यांनी येरवड्यात एकवीस दिवसांचा उपवास धरला, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर. आतून आवाज आला म्हणून धरला असं ते म्हणाले. लोकांनी शंका घेतल्या, हा भास कशावरून नाही? ते काही कुणाला सिद्ध करून दाखवता येत नाही. पण त्या आवाजानं दुसऱ्याला उपाशी ठेवायला सांगितलं नव्हतं, स्वतःला राहायला सांगितलं होतं. आम्हाला एवढा फरक पुरला.

आणखी एक, हे मात्र नीट ऐका. कुणाला आतून असा आवाज येत असेल की जिवाचं बरंवाईट कर, पोराला घेऊन विहीर जवळ कर, तर तो देव नाही. तिथं एकटीनं बसून ऐकत राहायचं नाही. उठायचं आणि माणसात यायचं, आशाताईंना सांगायचं, डॉक्टरकडे जायचं. 14416 हा सरकारचा फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या गटातल्या एकीनं बाळंतपणानंतर हे भोगलंय. ती आज इथं आमच्यासंगं स्टुडिओत बसली आहे.

सध्या आमचं असं चालतं. घरी ज्याची त्याची दहा मिनिटं, कधी जमतात, कधी आठवडा कोरडा जातो. सुगीत तर नावच नको. गटाच्या बैठकीत मात्र वही उघडायच्या आधी पाच मिनिटं सगळ्या बसतात. ज्या ताईंना पटलेलं नाही त्याही येतात. सुरुवातीला त्या मुद्दाम लसूण सोलायला घेऊन बसायच्या, म्हणायच्या, तुमचा देव बोलेपर्यंत माझी चटणी होईल. आम्ही काही म्हणालो नाही, काकूंनी म्हणू दिलं नाही. परवाच्या बैठकीत बघतो तर लसूण होताच, पण बसायच्या आधी त्यांनी हातातल्या बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या. का विचारलं तर म्हणाल्या, "वाजतात."

चला, पाणी सुटायची वेळ झाली आमच्या गावात. निघतो. राम कृष्ण हरी.